कुऱ्हाड, रोपटं आणि राब

माइनक्राफ्टमध्ये पहिलं काम कुठलं, तर झाड तोडणं. तेही चक्क मुठीने! ओंडके मिळाले की फळ्या, फळ्यांचं टेबल, टेबलावर कुऱ्हाड. पानं गळताना एखादं रोपटं पडतं. ते लावायचं, वर हाडांची भुकटी टाकायची, की झालं झाड तयार. 'तोडलंस तर लाव' हा धडा मुलं खेळता खेळता शिकतात. यात वाईट काय?

वाईट काहीच नाही. पण डहाणू-तलासरीकडे पाहिलं की या हिशेबात दोन गोष्टी राहून गेल्यात असं मला वाटतं.

पहिली म्हणजे मालक. खेळातल्या झाडाला तो नसतोच. इकडे मात्र जंगलाची सगळी कहाणी मालकीचीच. वारली शेतकरी भाताचं रोप टाकायच्या जागी राब भाजतो. ऐनाच्या फांद्या छाटायच्या, त्या पालापाचोळा आणि शेणाबरोबर पसरून पावसाआधी जाळायच्या आणि त्या भाजलेल्या जागेत बी टाकायचं. झाड जागेवर उभंच! त्याला पुन्हा पालवी फुटते. इंग्रजांच्या जंगलखात्याला ही नासधूस वाटली, त्यांनी बंधनं घातली. ठाणे-कुलाब्यातून तक्रारी इतक्या झाल्या की 1885 साली सरकारला जंगल कमिशन नेमावं लागलं. पुढे 1945 साली शामराव आणि गोदावरी परुळेकरांबरोबर वारली उठले ते वेठबिगारीविरुद्ध. मागोमाग गवतकापणीच्या आणि जंगलतोडीच्या मजुरीसाठीही लढे झाले. तोडणारा एक आणि विकणारा भलताच, हे भांडण खेळात होऊच शकत नाही.

दुसरी गोष्ट, झाड म्हणजे नुसता ओंडका नव्हे. मोहाची फुलं, त्याच्या बियांचं तेल, ताड-शिंदीची ताडी, पळसाच्या पत्रावळी, ऐनाचा राब... ही सगळी मिळकत झाड उभं असेल तरच. 'तोडा आणि लावा' याखेरीज 'थोडं घ्या आणि राहू द्या' हाही एक मार्ग आहे, आणि तो इथल्या लोकांना केव्हापासून ठाऊक आहे.

आपलं विकासाचं गणित मात्र खेळासारखंच चालतं. बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतली सुमारे 22 हजार खारफुटी तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये परवानगी दिली. बदल्यात नवी लावू, असं आश्वासन आहेच. लावतीलही. पण ज्या खाडीतली खारफुटी गेली, तिथे मासे-चिंबोऱ्या पकडणाऱ्याला दुसरीकडे लावलेल्या रोपाचा काय उपयोग? खऱ्या जगातली हाडांची भुकटी काही क्षणात झाड उभं करत नाही.

झाड तोडूच नये, असं माझं म्हणणं नाही. घराला वासे लागतात, चुलीला सरपण लागतं. वारलीही कुऱ्हाड चालवतोच. माझं म्हणणं एवढंच, की किती रोपं लावली हे मोजण्याआधी कोणाचं झाड गेलं हे विचारावं. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा आणि जंगल राखण्याचा गावाचा हक्क मान्य केलाय. मग झाड तोडायचा प्रश्न आधी ग्रामसभेपुढे का येऊ नये? तिथे बसलेल्या म्हातारीला कुठली फांदी छाटायची आणि कुठली ठेवायची, हे आपल्या कुठल्याही आराखड्यापेक्षा जास्त कळतं.

मुलांनी खेळ जरूर खेळावा. फक्त एकदा त्यांना राब दाखवून आणावं, म्हणजे न तोडताही झाडाकडून घेता येतं हे त्यांना कळेल.