जुनीं वाद्यें, जुने रेडिओ आणि आपलें कर्तव्य

आमच्या शाळेच्या प्रार्थनामंदिरामागील खोलींत कित्येक वर्षें दोन वस्तू धूळ खात पडल्या होत्या. एक पायानें भाता चालविण्याचा ऑर्गन आणि दुसरा लांकडी पेटींतला व्हॉल्व्हचा रेडिओ. यंदा ती खोली रिकामी करण्याचें ठरलें, तेव्हां दोन्ही वस्तू भंगारवाल्यास द्याव्या असा विचार निघाला. विजेवर चालणारा नवा कीबोर्ड थोडक्या पैशांत मिळतो. त्यांत ऑर्गनच काय, पण सनईसारंगीचेही आवाज असतात. बातम्या तर आज प्रत्येकाच्या खिशांतल्या फोनवर येतात. मग हें ओझें वाहावें कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि 'जुनें तें सोनें' एवढें म्हणून त्याची बोळवण करतां येणार नाहीं. जुनें सगळेंच सोनें असतें तर भंगारवाले केव्हांच सराफ झाले असते!

आमचें मत असें आहे कीं, अशा वस्तू दुरुस्त कराव्या. परंतु त्याहून महत्त्वाचें मत असें कीं, त्या कोणत्या रीतीनें दुरुस्त कराव्या याचा आधीं विचार करावा. वाईट दुरुस्ती ही मोडतोडीहून वाईट. हें आम्ही पुस्तकावरून सांगत नाहीं. आमच्याच हातून घडलेल्या चुकीवरून सांगत आहों.

प्रथम ती चूकच सांगतों. रेडिओ उचलावयास सोपा व दिसावयास सुरेख, म्हणून वरच्या वर्गांतील आम्हां चौघापांच जणांनीं आधीं त्यालाच हात घातला. धूळ झटकली, काचेचे व्हॉल्व्ह पुसले, तार कोठें तुटलेली नाहीं हें पाहिलें आणि कोणास न विचारतां बटण दाबलें. व्हॉल्व्हमधील तारा तांबूस उजळल्या, बारीक घरघर ऐकूं आली, आणि आम्ही आनंदानें एकमेकांस टाळी देतों न देतों तोंच फटाका फुटावा तसा आवाज होऊन खोलीभर उग्र धूर पसरला.

पुढें एका वृद्ध रेडिओ-कारागिरांनीं मागचें झांकण काढून आम्हांस कारण दाखविलें. व्हॉल्व्हला काम करण्यास दोनअडीचशें व्होल्टचा, एकाच दिशेनें वाहणारा प्रवाह लागतो. घरांत येणारी वीज उलटसुलट वाहते. ती एका दिशेस वळविल्यावर तिच्यांतील चढउतार सपाट करण्याचें काम नळकांड्यासारख्या एका कंडेन्सरकडे असतें. त्याच्या आंत ॲल्युमिनियमची पातळ पट्टी असते व तिच्यावर विजेला अडविणारा अतिसूक्ष्म थर असतो. रेडिओ वापरांत असेपर्यंत तो थर आपोआप टिकून राहतो. संच वर्षानुवर्षें बंद राहिला कीं थर क्षीण होतो आणि आंतील ओलावा सुकून जातो. अशा कंडेन्सरवर एकदम पूर्ण दाब आला म्हणजे वीज अडण्याऐवजीं आरपार धांवते. आमच्या संचांत कंडेन्सर तर फुटलाच, पण ट्रान्स्फॉर्मरचें वेटोळेंही जळून गेलें. "कंडेन्सर आधीं बदलला असता, तर बाकीचा संच वाचला असता," एवढेंच ते म्हणाले. ते आमच्यावर रागावले असते तर आम्हांस बरें वाटलें असतें.

त्यांनीं आणखी एक गोष्ट बजावली. ती आमच्या विद्यार्थिमित्रांनीं अवश्य ध्यानांत धरावी. विजेचा संबंध तोडल्यावरही कंडेन्सरमध्यें सांठलेली वीज कांहीं वेळ तशीच राहते व ती प्राणघातक होऊं शकते. जाणत्या माणसावांचून असल्या संचांत बोट घालूं नये. एकंदरींत काय, धूळ, उंदीर आणि पावसाळी हवा यांना इतक्या वर्षांत जें साधलें नव्हतें, तें आमच्या उतावीळपणानें अर्ध्या मिनिटांत साधलें.

या प्रकारानंतर ऑर्गनला हात लावूं देण्यापूर्वीं मुख्याध्यापकांनीं अट घातली कीं, तो म्हणजे काय हें आधीं समजून घ्या. ही अट आमच्या फार उपयोगी पडली. नळ्यांचा जो मोठा चर्च-ऑर्गन, त्याचा हा धाकटा भाऊ. मोठ्या ऑर्गनांत प्रत्येक सुराला स्वतंत्र नळी असते. ह्या धाकट्यांत पितळेची एक लहानशी जीभ हवेच्या झोतानें कंप पावते व तीच बोलते. पॅरिस येथील अलेक्झांद्र दबँ यांनीं १८४० च्या सुमारास हार्मोनियम बनविली; तिचा भाता हवा बाहेर लोटतो. अमेरिकन कारागिरांनीं उलट रीत धरली. त्यांचा भाता हवा आंत ओढून घेतो, आणि त्यामुळें आवाजाला एक प्रकारचा मऊ भरदारपणा येतो. व्हरमाँट संस्थानांतील एस्टी कंपनीनें असे पांच लाखांहून अधिक ऑर्गन बनविले. ती कंपनी १९६० सालीं बंद पडली.

मिशनऱ्यांबरोबर हीं वाद्यें आपल्याकडील चर्चांत व शाळांत आलीं. इकडे १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'नें पुण्यास संगीत नाटकाचें युग सुरू केलें होतें. त्या रंगभूमीनें पुढें पेटी आणि ऑर्गन या दोहोंस आपलें म्हटलें. बालगंधर्वांच्या काळांत तर ऑर्गनचा सूर नाट्यपदाशीं इतका एकजीव झाला कीं, आजही संगीत नाटक म्हटलें म्हणजे तबल्याशेजारीं ऑर्गन हवाच असें रसिकांस वाटतें. सकाळीं स्तोत्राला आणि रात्रीं नाट्यपदाला साथ करणारें हें वाद्य परकें म्हणून कोणी दूर लोटलें नाहीं, याचा आम्हांस अभिमान वाटतो.

हें सर्व वाचून झाल्यावर जाणत्या कारागिराच्या देखरेखीखालीं आम्हीं ऑर्गन उघडला, आणि आंत आम्हांस दोन वेगवेगळ्या मनांचीं माणसें भेटलीं. पहिला तो बनविणारा. त्यानें सगळे जोड सरसानें जोडलेले होते. सरस हा जनावरांच्या कातड्याहाडांपासून काढतात. ऊब आणि ओलावा दिला कीं तो सुटतो व लांकडाला इजा होत नाहीं. म्हणजे हा ऑर्गन कोणीतरी, केव्हांतरी पुन्हां उघडील, हें त्या अनोळखी माणसानें गृहीत धरलें होतें. दुसरा तो मागाहून दुरुस्त करणारा. भात्याचें रबर चढविलेलें कापड चिरलें, तेव्हां त्यानें कापड न बदलतां त्यावर ठिगळें लावून न सुटणारा कृत्रिम गोंद थापला. तो गोंद काढावयास गेलें कीं खालचें लांकूडच सोलून निघतें.

त्याचें दुसरें काम याहूनही घातक. मधल्या सप्तकांतील कांहीं सूर हललेले वाटले, म्हणून त्यानें जिभांना कानस लावली. जिभेचें टोंक घांसलें तर सूर चढतो, बुडाशीं घांसलें तर उतरतो, हें खरें. पण पुष्कळदां बेसूरपणाचें मूळ जिभेवर बसलेल्या धुळींत व मळांत असतें, आणि मऊ ब्रशनें नुसती सफाई केली तरी सूर जागेवर येतो. धूळ काढून टाकतां येते. घांसून गेलेलें पितळ परत आणतां येत नाहीं. आमच्या ऑर्गनच्या चार जिभा अशा रीतीनें कायमच्या निकामी झाल्या आहेत. परंतु त्या कारागिरास नांवें ठेवण्याचा अधिकार आम्हांस उरलेला नाहीं. त्याच्यापाशीं कदाचित् वेळ नसेल. आमच्यापाशीं तर वेळ असून धीर नव्हता.

यावरून आम्हीं एक नियम बसविला आहे, व तोच या लेखाचा गाभा होय. दुरुस्ती अशी करावी कीं, पुढच्या कारागिराला ती उलगडतां यावी. जें पुन्हां काढतां येईल तेंच घालावें. जें काढलें तें फेंकून न देतां चिठ्ठी लावून ठेवावें. आणि जें केलें तें लिहून ठेवावें. आपण कांहीं शेवटचे दुरुस्त करणारे नव्हे, एवढी नम्रता जवळ असली कीं हातांत कानस घेण्यापूर्वीं माणूस क्षणभर थांबतो.

हा नियम किती दूरवर पोंचतो याचें एक उदाहरण आशियांतच आहे. फिलिपाइन्समध्यें मनिलाजवळ लास पिन्यास येथील चर्चांत बांबूचा ऑर्गन आहे. फादर दिएगो सेरा या स्पॅनिश मिशनऱ्यानें १८१६ सालीं तो बांधावयास घेतला आणि १८२४ सालीं पुरा केला. त्याच्या १०३१ नळ्यांपैकीं ९०२ बांबूच्या आहेत; तुतारीसारख्या आवाजाच्या उरलेल्या नळ्या तेवढ्या धातूच्या. बांबूला कीड लागूं नये म्हणून फादर सेरा यांनीं तो कांहीं महिने वाळूंत पुरून ठेविला होता. पुढें भूकंप झाले, वादळें झालीं, आणि ऑर्गन मुका झाला. पण त्याच्या नळ्या गांवानें मोडींत काढल्या नाहींत. १९७३ सालीं तो जर्मनींत बॉन येथील क्लाइस यांच्या कारखान्यांत पाठविण्यांत आला आणि १९७५ सालीं दुरुस्त होऊन स्वगृहीं परतला. आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती यापुढची गोष्ट. पुढें लास पिन्यास येथेंच ऑर्गन बांधणारा व दुरुस्त करणारा एक कारखाना निघाला. ज्या गांवाला एकदां आपला ऑर्गन समुद्रापार पाठवावा लागला, त्या गांवांत आज ती विद्या नांदत आहे. एक वाद्य जपलें, त्याबरोबर एक कसब मिळालें.

पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथीड्रलला १५ एप्रिल २०१९ रोजीं आग लागली, तेव्हां तेथील सुमारें ८००० नळ्यांचा ऑर्गन ज्वाळांतून वांचला, परंतु छपरावरील शिशाच्या विषारी धुळीनें माखून गेला. तो खोलून, साफ करून, पुन्हां उभारावा लागला. आणि सुरांत बसविण्याचें काम दिवसा इतर कामांचा गलबला असल्यामुळें रात्रीं करावें लागलें. डिसेंबर २०२४ मध्यें तो पुन्हां वाजला. जेथें पैशाची वाण नव्हती, तेथेंही घाई करतां आली नाहीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

आतां विरुद्ध बाजूस काय म्हणतां येईल तेंही पाहूं. कोणी म्हणेल, शाळेचा पैसा मुलांच्या पुस्तकांवर खर्च व्हावा. हें म्हणणें आम्हांस मान्य आहे. म्हणूनच वाटेल त्या जुन्या वस्तूची दुरुस्ती करावी असा आमचा आग्रह नाहीं. ज्याच्या लांकडाचा वाळवीनें भुसा केला, त्याच्या जिभा दुसऱ्या वाद्यासाठीं काढून ठेवाव्या आणि बाकीचा मोह सोडावा. आमच्या दोन वस्तूंतही आम्ही ऑर्गनचा हक्क पहिला मानतों. मुंबईचें रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, त्या काळाची आठवण म्हणून व्हॉल्व्हचा रेडिओ प्रिय खरा. परंतु मध्यम लहरींवरील केंद्रें जगांत अनेक देशांत बंद होत चाललीं आहेत, व दुरुस्त झालेल्या संचाला ऐकावयास फारसें उरणार नाहीं अशी भीति आहे. ऑर्गनला असल्या कोणाची वाट पाहावी लागत नाहीं. भाता चालला कीं तो बोलतो.

दुसरा आक्षेप असा कीं, काळानें जें टाकलें तें टाकावें. पण काळाचा निकाल म्हणून आपण जो मानतों, तो पुष्कळदां चार अधिकाऱ्यांचा निकाल असतो. पेटीचे सूर ठराविक जागीं बांधलेले, तिच्यांतून मींड निघत नाहीं, असें म्हणून १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमला मज्जाव केला. आक्षेपांत तथ्य नव्हतें असें नाहीं. तरीपण मैफलींनीं, कीर्तनांनीं आणि नाटकमंडळ्यांनीं पेटी सोडली नाहीं, आणि १९७१ सालीं ती बंदी सैल करावी लागली. तीस वर्षें ज्या कारागिरांनीं भाते शिवले व सूर जुळविले, त्यांचें काम व्यर्थ गेलें असें आज कोण म्हणेल?

राहिला कीबोर्ड. त्याच्याशीं आमचें वैर नाहीं. संमेलनांत तो उपयोगी पडतो. पण तो बिघडला म्हणजे आंतील पाटी बदलावयाची, आणि ती पाटी बाजारांत मिळेनाशी झाली म्हणजे सगळाच टाकावयाचा. त्याच्यापासून वाजविणें शिकतां येईल, दुरुस्त करणें शिकतां येणार नाहीं. आणि शाळा ही तर शिकण्याचीच जागा आहे! मिरजेस तंतुवाद्यें बनविण्याची विद्या घराण्याघराण्यांतून चालत आली, ती मुलें लहानपणापासून बापाशेजारीं बसत आलीं म्हणून. भाते शिवणाऱ्या वृद्ध कारागिरांशेजारीं आज कोण बसतो?

म्हणून शाळेच्या चालकांस आमची विनंति आहे कीं, ऑर्गन विकूं नये. भात्याला नवें कापड आणि झडपांना नवी बनात घालावी, जोड सरसानेंच बसवावे, चार गेलेल्या जिभांच्या जागीं दुसऱ्या निकामी ऑर्गनांतून मिळतील त्या घालाव्या, आणि दर शनिवारीं दोन विद्यार्थ्यांनीं त्या कारागिरांच्या हाताखालीं काम करावें. दुरुस्तीनंतर त्याला कुलूप लावून ठेवूं नये. न वाजविलेल्या भात्याचें कापड ताठरतें आणि आंत उंदीर बिऱ्हाड करतात. रेडिओ सध्यां तसाच ठेवावा. त्याचा ट्रान्स्फॉर्मर पुन्हां गुंडाळतां येतो, पण तें काम आमच्याहून धीराच्या मुलांनीं करावें.

ऑर्गनच्या आंत आम्हीं एक वही ठेवली आहे. काय उघडलें, काय साफ केलें, कोणता सूर अजून बोलत नाहीं, हें तींत लिहिलें आहे. पहिल्या पानावर आमच्या हातून जळालेल्या रेडिओची हकीकतही प्रामाणिकपणें नमूद केली आहे. पुढें जो कोणी हें झांकण उघडील त्याला ती उपयोगी पडो.