पाय म्हणजे बावीस सप्तमांश नव्हे

कांहीं वर्षांपूर्वीं एका चांचणी परीक्षेंत मीं एक साधें गणित घातलें होतें. सात सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचें क्षेत्रफळ काढावयाचें होतें. बहुतेक मुलांनीं १५४ हें उत्तर लिहून पूर्ण गुण मिळविले. एका मुलीनें मात्र १५३.८६ असें लिहिलें होतें. उत्तरसूचींत १५४ होतें. मीं तिच्या उत्तरावर तांबडी रेघ ओढली. दुसऱ्या दिवशीं ती वही घेऊन आली व नम्रपणें म्हणाली, "सर, मीं पायची किंमत ३.१४ घेतली होती. पुस्तकांत दोन्ही दिल्या आहेत." मीं तिला गुण दिले, परंतु ती गेल्यावर मनांत जो प्रश्न राहिला तो गुणांचा नव्हता. या दोहोंपैकीं खरें उत्तर कोणतें? एकही नव्हे. खरें क्षेत्रफळ १५३.९३८ च्या आसपास आहे. आमचें उत्तर किंचित् अधिक, तिचें किंचित् उणें. तांबडी शाई मात्र तिच्याच वांट्यास आली.

ज्या अक्षरावरून हें सर्व घडलें तें ग्रीक वर्णमालेंतील सोळावें अक्षर होय. दोन खांब व त्यांवर एक तुळई, असा त्याचा आकार. त्याचें नांव प्रथम ऐकतांच मुलें आपापल्या पायांकडे पाहून हंसतात; हंसूं द्यावें. ज्या ग्रीक भाषेंत नवा करार लिहिला गेला, तींत पेत्र आणि पौल हीं दोन्ही नांवें याच अक्षरानें सुरू होतात. परीघ या अर्थाच्या ग्रीक शब्दाचें आद्याक्षरही हेंच. परीघ व व्यास यांच्या गुणोत्तरास हें अक्षर विल्यम जोन्स या वेल्स प्रांतांतील गणितज्ञानें १७०६ सालीं दिलें, व पुढें ऑयलरनें तें रूढ केलें. कलकत्त्यास १७८४ सालीं एशियाटिक सोसायटी स्थापन करणारे सर विल्यम जोन्स हे याच गणितज्ञाचे चिरंजीव. बापानें गणितास एक ग्रीक अक्षर दिलें आणि मुलानें युरोपास संस्कृताची गोडी लावली, हा योगायोग मला मोठा रम्य वाटतो.

अक्षर नवें असलें तरी गुणोत्तर फार पुरातन आहे, आणि त्याविषयींचा सर्वांत सरळ उपदेश आपल्याच भूमीशीं संबंध असलेल्या एका पुरुषानें केला आहे. भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास 'लीलावती' रचिली. तींत ते सांगतात कीं, व्यासास ३९२७ नें गुणून १२५० नें भागिलें असतां सूक्ष्म परीघ येतो. २२ नें गुणून ७ नें भागिलें असतां स्थूल परीघ येतो, व तो व्यवहारास पुरेसा आहे. त्यांचा नातू चंगदेव यानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ स्थापिला, असें सांगणारा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगांवजवळच्या पाटण येथें सांपडला, व डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो विद्वानांपुढें आणिला. म्हणजे ज्या अपूर्णांकास आमचीं मुलें आज बेधडक बरोबरीचें चिन्ह जोडतात, त्यास भास्कराचार्य साडेआठशें वर्षांपूर्वींच स्थूल म्हणून मोकळे झाले होते.

स्थूल म्हणजे किती स्थूल? चार फूट व्यासाच्या गाडीच्या चाकास लोखंडी धाव बसवावयाची असेल, तर बावीस सप्तमांशानें जवळजवळ इंचाचा सोळावा भाग जास्त येईल. लोहाराच्या घणापुढें त्याचें कांहीं चालत नाहीं. एक किलोमीटर व्यासाच्या वर्तुळांत ही चूक सव्वा मीटर होते. तेथेंच भास्कराचार्यांची सूक्ष्म रीत अवघी सात मिलिमीटर चुकते. आणि पृथ्वीच्या विषुववृत्तावर हीच चूक सुमारें १६ किलोमीटर होते. मोहन्याहून कल्याणास जाऊन परत आलें तरी एवढें अंतर होत नाहीं.

स्थूल किंमत वापरणें हा खोटेपणा नव्हे, हें मला येथें आग्रहानें सांगावयाचें आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या ७ व्या अध्यायांत शलमोनाच्या मंदिरांतील गंगाळसागराचें वर्णन आहे: व्यास दहा हात, घेर तीस हात. यावरून पवित्र शास्त्रास गणित कळत नाहीं अशी थट्टा करणारे पुष्कळ भेटतात. त्यांस उत्तर देण्यासाठीं गंगाळाची चार बोटें जाडी हिशेबांत धरून आंकडे जुळविणारे भाविकही भेटतात. मला दोघांचाही खटाटोप व्यर्थ वाटतो. लेखक भांड्याची भव्यता सांगत आहे; त्यानें पूर्ण संख्या दिल्या, आणि पाय म्हणजे नेमके तीन असें कोठेंही म्हटलें नाहीं. आम्ही मात्र फळ्यावर तसेंच कांहीं म्हणतों.

पाठ्यपुस्तकांत लिहिलेलें असतें, "पाय = २२/७ घ्या." यांतील सर्वांत महत्त्वाचा शब्द 'घ्या' हा आहे, आणि मुलांच्या वहींत प्रथम तोच गळतो. मग नवव्या इयत्तेंत अपरिमेय संख्या येतात. पाय परिमेय कीं अपरिमेय, असें विचारतांच निम्मा वर्ग उत्साहानें सांगतो, "परिमेय, कारण बावीस सप्तमांश!" पायची किंमत कोणत्याही दोन पूर्णांकांच्या अपूर्णांकानें पूर्णपणें लिहितां येत नाहीं, हें लँबर्टनें १७६१ सालीं सिद्ध केलें. दोन वर्षें आम्ही जें पाठ करून घेतलें, तेंच तिसऱ्या वर्षीं खोडावयाचें! मुलाचा दोष यांत किती?

शिक्षकांनींही गर्व करूं नये. विल्यम शँक्स या इंग्रज शाळामास्तरानें अनेक वर्षें हातानें आंकडेमोड करून १८७३ सालीं पायचीं ७०७ दशांशस्थळें छापलीं. ५२८ व्या स्थळीं त्याची चूक झाली होती; ती सत्तर वर्षें कोणास दिसली नाहीं, कारण कोणीं पुन्हां मोजून पाहिलेंच नाहीं. आज यंत्रें लक्षावधि कोटि स्थळें काढतात. परंतु ग्रहांकडे यानें धाडणाऱ्या अमेरिकेच्या नासा संस्थेस पंधरा स्थळें पुरतात. किती पुरे हें ठाऊक असणें, हीच तेथील विद्या. लंबकाच्या आंदोलनकाळाच्या सूत्रांत, विजेच्या व लहरींच्या नियमांत, जेथें वर्तुळ डोळ्यांस दिसतही नाहीं तेथें हें अक्षर येतें; आणि प्रत्येक ठिकाणीं किती सूक्ष्मता हवी हें काम करणारानें ठरवावयाचें असतें.

पालक म्हणतील, "गुरुजी, परीक्षेंत १५४ लिहिलें तरच गुण मिळतात ना?" मिळतात, आणि तें लिहावेंच. पण त्यापूर्वीं एक ओळ लिहावी: क्षेत्रफळ ४९ पाय चौरस सेंटिमीटर. ही ओळ पूर्ण खरी आहे. तिच्या पुढें 'सुमारें १५४' असें लिहिण्यास फार तर चार अक्षरें अधिक लागतात. माझ्या वर्गांत आतां तसेंच लिहितात, व 'सुमारें' विसरणारास मी अर्धा गुण कमी देतों. यावरून एकदोन पालकांची नाराजी ओढवली आहे. ती मला मान्य आहे.

आतां नवीन धडा मी सुतळीनें सुरू करतों. मुलें घरून डब्यांचीं झांकणें, ताटल्या, बांगड्या आणितात. घेर व व्यास मोजून भागाकार करतात. कोणाचा ३.१ येतो, कोणाचा ३.२, एकीचा ३.१५ आला तेव्हां तिनें टाळी वाजविली. गेल्या खेपेस एका मुलानें मात्र नेमकें बावीस सप्तमांश आणिलें. त्यास मीं पुन्हां मोजावयास बसविलें.