रक्त दिलं, पुढे काय?

गेल्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत एक बाई उठून म्हणाली, "ताई, शुगर पाह्याले आमचं रगत नेलं होतं ना, त्याले वरीस झालं. मंग झालं काय त्याचं?" बाकीच्या हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. त्या दिवशी नावं लिहायला आणि रांग लावायला मीच उभी होते. हे रक्त तपासणीसाठी नेताहेत की कुठल्या अभ्यासासाठी, हे मीही विचारलं नव्हतं!

शुगर म्हणजे खात्यापित्या, जाडजूड माणसांचा आजार, असं आपण समजत आलो. हा समज चुकीचा आहे, हे कळायला आपल्याच राज्यातल्या बायकांची मोठी मदत झाली. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या मधुमेह विभागाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या बायकांचा आहार, वजन, काम, गरोदरपण, सगळं नोंदवलं. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची निघाली, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. पण २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की आपली बाळं हाडापेराने बारीक असली तरी त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी जास्त! म्हणजे मधुमेहाची बीजं आईच्या पोटातच पडू शकतात. २००८ मध्ये याच अभ्यासातून बी-१२ जीवनसत्त्वाची आईमधली कमतरता आणि मुलांमधला धोका यांचा संबंध पुढे आला.

आता जरा विचार करा मैत्रिणींनो, हे फक्त डॉक्टरांच्या हुशारीवर झालं का? गरोदर बाईच्या घरी पुन्हा पुन्हा जाणारे कार्यकर्ते लागले. तीच मुलं सहा, बारा, अठरा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासायची, तर प्रत्येक कागद जागच्या जागी लागला. कुठल्याही अशा केंद्रात रक्ताच्या नळ्या उणे ८० अंशांत जपाव्या लागतात, वीज गेली तरी. पैशांचा हिशेब लागतो. हा सगळा कारभार म्हणजे एक मोठा संसारच. आणि संसारासारखाच तो विश्वासावर चालतो. रक्त देणारीचा विश्वास एकदा उडाला, की पुढच्या वेळी ती दारच उघडत नाही.

म्हणूनच या कारभारावर कुणाची तरी नजर हवी. तशी सोय आहे, पण आपल्याला ती माहीत नसते. माणसांवरच्या अशा संशोधनाला आधी एथिक्स कमिटीची, म्हणजे नैतिकता समितीची परवानगी लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा हवा, निम्मे सदस्य बाहेरचे हवेत. आणि त्यात डॉक्टरकीशी संबंध नसलेली एक सर्वसामान्य, साक्षर व्यक्ती हवी, जिला इथली भाषा आणि रीतभात कळते. वाचून मी थबकलेच. ही व्यक्ती माझ्यासारखी बीए झालेली गृहिणीसुद्धा असू शकते की!

डॉक्टर म्हणतील, "बायकांना संशोधनातलं काय कळतं?" इन्सुलिनचं गणित नसेल कळत. पण निंदणाच्या दिवसांत बायकांना सकाळी उपाशीपोटी थांबवलं तर त्यांची मजुरी बुडते, हे आम्हालाच कळतं. संमतीपत्रावरची मराठी आमच्या पारध्याला, कोलामाच्या पोडावर कुणाला समजणार नाही, हेही आम्हीच सांगू शकतो.

यवतमाळला १९८९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला १९९८ मध्ये झालं. उद्या आपल्या जिल्ह्यात विद्यापीठाचं मधुमेह संशोधन केंद्र उभं राहिलं, तर मला आनंदच होईल. पण त्याच्या देखरेखीत इथल्या बाया पहिल्या दिवसापासून असाव्यात, नुसत्या रक्त द्यायला रांगेत नव्हे.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. रक्त घ्यायला कुणी आलं तर विचारायचं: तपासणी आहे की संशोधन? समितीची परवानगी आहे का? रिपोर्ट कधी, कोण देणार? शुगर निघाली तर पुढे पाठवणार कुठे? लिहिता-वाचता येत नसेल तर अंगठा देताना त्यांच्याशी संबंध नसलेला साक्षीदार मागायचा. अभ्यासातून मधेच बाहेर पडता येतं, आणि त्यामुळे उपचार थांबत नाहीत, हेही लक्षात ठेवायचं.

"सायबाले कसं इचारावं?" असं आमच्या बाया म्हणतात. खरं तर एकटीला भीती वाटते, दहाजणी मिळून गेलो की वाटत नाही. त्या बाईचा रिपोर्ट विचारायला या सोमवारी आमचा अख्खा गट निघाला आहे. रांग मी लावली होती, तेव्हा पुढे मीच असणार.