आयुष मोठा होणार की वैभव?

मंडळी, २०२५ च्या एप्रिलपासून आपल्या मंडळात दोनच पक्ष उरलेत. एक आयुष म्हात्रेचा, दुसरा वैभव सूर्यवंशीचा. गणपतीत आरती संपून प्रसादाच्या रांगेत उभं राहिलं तरी मागे हाच वाद. आयुषच्या पक्षात वसई-विरारकर जास्त, हे सांगायला नकोच. मीही वसईचीच, त्यामुळे माझं मत आधीच ठरलेलं असणार असं सगळे गृहीत धरतात. या सदरात मी एरवी शमालचा वारा, मासळी आणि मुलांच्या परीक्षा यांवर लिहिते. क्रिकेटवर पुरुषमंडळी लिहितीलच, असं कुणीतरी म्हणालं. म्हणून यंदा क्रिकेटच.

योगायोग बघा. १९ एप्रिलला वैभव जयपूरला पहिला आयपीएल सामना खेळला आणि पहिल्याच चेंडूवर षटकार मारला, तोही आपल्या पालघरच्या शार्दूल ठाकूरला. वय १४ वर्षं २३ दिवस. दुसऱ्या दिवशी, २० तारखेला, वानखेडेवर आयुष चेन्नईकडून उतरला. समोर मुंबई. १५ चेंडूंत ३२. आपल्याकडे संध्याकाळी पाचला सामना सुरू होतो, म्हणजे नेमका मुलांच्या अभ्यासाच्या वेळी. त्या रविवारी आमच्याकडे अभ्यास झाला नाही.

पुढे २८ एप्रिलला वैभवने गुजरातविरुद्ध ३५ चेंडूंत शतक ठोकलं. तोवर आयपीएलमध्ये याहून जलद शतक फक्त ख्रिस गेलचं होतं. त्या डावात इशांत शर्माच्या एका षटकात २८ धावा गेल्या. इशांत पहिली कसोटी खेळला तो मे २००७ मध्ये. तेव्हा वैभव जन्मायला चार वर्षं बाकी होती आणि आयुष आईच्या पोटात होता. पाच दिवसांनी बंगळूरमध्ये आयुषने ४८ चेंडूंत ९४ काढल्या, शतक सहा धावांनी हुकलं आणि चेन्नई दोन धावांनी हरली. मोसम संपला तेव्हा दोघांचे सामने सात-सात. वैभवच्या धावा २५२, आयुषच्या २४०. दोघंही सलामीचे, एक डावखुरा, एक उजवा. तुलना होणारच.

पण मी सात वर्षं शाळेत शिकवलंय. मला या तुलनेत पहिली खटकते ती इयत्ता. आयुष जुलै २००७ चा, वैभव मार्च २०११ चा. पावणेचार वर्षांचं अंतर. नववीतल्या आणि बारावीतल्या मुलाला एकच प्रश्नपत्रिका द्यायची आणि मग गुण बघून म्हणायचं, दोघं सारखेच हुशार! त्या वयात पावणेचार वर्षं म्हणजे उंची, आवाज, मनगटातली ताकद, रडू आवरण्याची ताकद, सगळंच वेगळं. पहिल्या सामन्यात बाद झाल्यावर वैभव डोळे पुसत परतला, आठवतंय ना? नववीतलं पोर ते.

म्हणजे वैभव सरस? थांबा. झटपट क्रिकेट हा तोंडी परीक्षेसारखा प्रकार आहे. तीन तासांचा पेपर वेगळा. आयुषने मुंबईकडून पहिल्याच रणजी मोसमात दोन शतकं काढली, त्यातलं एक, १७६ धावांचं, आपल्या महाराष्ट्राविरुद्ध. विजय हजारे स्पर्धेत नागालँडविरुद्ध ११७ चेंडूंत १८१. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात १९ वर्षांखालील संघाचा तो कप्तान होता. दोन कसोटींत त्याने १०२, ३२, ८० आणि १२६ केल्या. वैभवने त्याच दौऱ्यात वूस्टरला वन-डेत ७८ चेंडूंत १४३ चोपल्या. पण रणजीत तोवर त्याचं अर्धशतकसुद्धा नव्हतं. अर्थात रणजीत तो उतरला तेव्हा बारा वर्षांचा होता, जानेवारी २०२४ मध्ये पाटण्याला, मुंबईविरुद्धच. बाराव्या वर्षी मुंबईच्या गोलंदाजांपुढे उभं राहणं हेच मला शतकाएवढं वाटतं.

आता जमीन बघू. आयुषच्या मागे मुंबईची मैदानं आहेत. हॅरिस शील्ड, कांगा लीग, पावसाच्या खेळपट्टीवर चाळिशीतल्या खडूस गोलंदाजांशी गाठ. आजोबा त्याला विरारहून लोकलने मैदानावर नेत. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर, आणि ती गाडी ज्याने पकडली आहे त्याला बाउन्सरची भीती राहत नाही. बिहारला तर रणजीत पुन्हा प्रवेश मिळाला तोच २०१८ मध्ये. वैभव समस्तीपूर जिल्ह्यातल्या ताजपूरचा. वडिलांनी शेतजमीन विकली, सरावासाठी शंभरेक किलोमीटरवर पाटण्याला नेलं. आई रात्री अकराला झोपून दोनला उठायची, तीन तास झोप, असं वैभवनेच शतकानंतर सांगितलं. सगळ्यांनी ते शतक पाहिलं. मी त्या तीन तासांपाशी अडकले.

आणि इथे मला विरारचाच दुसरा मुलगा आठवतो. पृथ्वी शॉ. नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावा, वय चौदा. म्हणजे शतक ठोकणाऱ्या वैभवएवढा. २०१८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली १९ वर्षांखालील विश्वचषक आला, त्याच वर्षी राजकोटला पहिल्याच कसोटीत १३४. मग कसोटी एकूण पाच. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाला, म्हणजे आपल्या शेजारीच, जो लिलाव झाला त्यात तेरा वर्षांच्या वैभवला एक कोटी दहा लाख मिळाले आणि पृथ्वीला कुणी घेतलं नाही. आयुषही त्या लिलावातून कुठे गेला नव्हता. ऋतुराज गायकवाडचं कोपर दुखावलं म्हणून चेन्नईने त्याला मागाहून तीस लाखांत बोलावलं. मुंबईसाठी पृथ्वी आणि आयुष काही डाव एकत्र सलामीला आले होते. एकाच गावचे दोघे, एक चढत होता, एक उतरत होता. पृथ्वीचं वय तेव्हा पंचविशीचं. २०२५ मध्ये तो महाराष्ट्राकडे आला. त्याचं पुस्तक मी मिटलेलं नाही.

त्याआधीची जोडी तर सगळ्यांना पाठ आहे. १९८८, आझाद मैदान, शारदाश्रमची ६६४ ची भागीदारी. विनोद ३४९, सचिन ३२६. त्या दिवशी तुम्ही-आम्ही तुलना केली असती तर कदाचित विनोदवर पैसे लावले असते. सतरा कसोटींत त्याची सरासरी ५४ होती आणि शेवटची कसोटी झाली तेव्हा वय तेवीस. धावांच्या वहीत पुढचं काही लिहिलेलं नसतं.

हे सगळं मी इतकं का मोजत बसले, तर आमच्या घरात यंदा हाच प्रश्न होता. आमचा मुलगा अकरा वर्षांचा. शुक्रवारी सकाळी कंपाउंडमागच्या रेतीत मोठ्यांबरोबर खेळतो, बरा खेळतो. धड प्रशिक्षण हवं तर दोहा, इथून शंभरेक किलोमीटर. वसईहून सासरे म्हणाले, ‘‘त्याला इकडे पाठवा, मी लोकलने नेईन मैदानावर.’’ नवरा अर्धा तयार होता. मी दोन गोष्टी विचारल्या. बाबांचे गुडघे त्या जिन्यांवर किती वर्षं टिकतील? आणि तो शून्यावर बाद होऊन आला की रात्री त्याच्याशी बोलणार कोण, मी व्हिडिओ कॉलवर? आयुषचे आईवडील विरारलाच होते. वैभवची आई दोनला उठत होती, पण घरातच. ठरलं असं की आठवड्यातून दोनदा दोहा, गाडी मी चालवणार, तेरा वर्षांचा होईपर्यंत. सासरे रुसलेत. दिवाळीच्या फराळाबरोबर त्यांनी नातवासाठी बॅट पाठवलीय, ती मात्र इंग्लिश विलोची.

तर माझा अंदाज. भारताच्या टी-ट्वेंटी संघात वैभव आधी जाईल, पण २७ मार्च २०२६ च्या आधी नाही, कारण आयसीसीचा नियम पंधरा वर्षं पूर्ण हवीत असा आहे. कसोटीत आयुष आधी. ऑस्ट्रेलियात २०२५ च्या वन-डे मालिकेत त्याची बॅट अजिबात चालली नाही, तरी संघ ३-० जिंकला आणि कप्तानाचा चेहरा पडलेला दिसला नाही, हे मला त्याच्या एखाद्या शतकाहून जास्त आवडलं. दहा वर्षांनी कोण मोठा, यावर माझं मत वैभवकडे झुकतं. वसईकरांनी माफ करावं. पण पैज लावायची तर आयुषवर लावीन.

जानेवारी २०२६ मध्ये झिम्बाब्वे आणि नामिबियात १९ वर्षांखालील विश्वचषक सुरू झाला. आपल्या बोर्डाच्या नियमाने एका खेळाडूला तो एकदाच खेळता येतो, म्हणजे वैभव तिथे खेळला आणि चौदाव्या वर्षीच त्याची ही इयत्ता संपली. दोघं सलामीला एकत्र उतरले तर सामना आमच्याकडे बघू. दोहाकरांनी तास-सव्वा तासाचा रस्ता धरून निघावं. चहा-पोहे मिळतील, पक्ष दारात ठेवून यावेत.