डिस्क गेली, की नुसती रुसली?

ऑफिसातला लॅपटॉप रुसला की आपलं काय जातं? आयटीवाल्यांना एक तिकीट टाकायचं आणि कॉफी घ्यायला निघायचं. घरी स्वतः जोडलेल्या मशीनचं तसं नसतं. तिथं आयटी डिपार्टमेंट आपणच, वैतागलेला युजरही आपणच!

सायखेड्याच्या माझ्या मामेभावाला द्राक्षबागेइतकंच कॉम्प्युटरचं वेड. मध्यंतरी त्याने बोर्ड, प्रोसेसर, रॅम असं एकेक जमवून झकास मशीन उभं केलं. विंडोजसाठी चिपसारखी चपटी एम डॉट टू एसएसडी बसवली आणि जुन्या कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क सोबत जोडली. मशीन सुरू झालं, डिस्क मात्र गायब. गावाकडच्या एका रिपेअरवाल्याने फोनवरच निकाल दिला, ‘डिस्क उडाली, नवी टाका.’

त्या डिस्कमध्ये काय होतं? मामांच्या बागेतल्या फवारणीच्या कित्येक वर्षांच्या नोंदी, आणि आजीचा आवाज असलेला एकमेव व्हिडिओ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी सायखेडा-चांदोरीत शिरलं, तेव्हा मामांनी तो जुना कॅबिनेट माळ्यावर चढवला होता. पुरातून वाचलेली डिस्क आता भंगारात जाणार होती.

‘ताई, तूच सांग, टाकून देऊ का?’ भाऊ फोनवर अगदी रडकुंडीला आलेला.

‘थांब. आधी मशीन बंद कर, प्लग काढ. मग एकेक गोष्ट बघू.’

मंडळी, सगळी गंमत या ‘एकेक’मध्ये आहे. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळतच नाही.

पहिला प्रश्न, डिस्क फिरतेय का? मशीन सुरू करून डिस्कवर अलगद बोट ठेवलं की थरथर जाणवते. काहीच नसेल तर पॉवरची केबल तपासायची. ‘टक... टक... टक...’ असा आवाज येत राहिला तर मात्र हात जोडायचे, मशीन बंद करायचं आणि डेटा रिकव्हरीवाल्यांकडे जायचं. भावाची डिस्क छान घरघरत होती. म्हणजे जीव होता!

दुसरा प्रश्न, बायोसमध्ये दिसते का? मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ टू दाबलं की बहुतेक बोर्डांवर ही स्क्रीन उघडते. इथंच डिस्क नसेल तर विंडोजला शिव्या देण्यात अर्थ नाही. दोष केबलचा, पोर्टचा, सेटिंगचा किंवा डिस्कचाच. बायोसमध्ये दिसते, विंडोजमध्ये नाही, असं असेल तर डिस्क मॅनेजमेंट उघडायचं. पुष्कळदा फक्त ड्राइव्ह लेटर दिलेलं नसतं.

भावाच्या बायोसमध्ये डिस्क नव्हती. साटा केबल बदलली, तरी नाही. मग मी बोर्डाचं मॅन्युअल उघडायला लावलं. (हो, बॉक्समधून काढून आपण थेट खणात टाकतो, तेच!) बारीक अक्षरात लिहिलं होतं : एम डॉट टू स्लॉट वापरला तर साटाचे शेवटचे दोन पोर्ट बंद राहतील. अनेक बोर्डांवर हे दोघं एकाच रस्त्याचे वाटेकरी असतात. एक आला की दुसऱ्याला बाहेर थांबावं लागतं. आणि आपली डिस्क नेमकी त्या बंद दारावर उभी! केबल पहिल्या पोर्टला लावली, आणि डिस्क हजर.

पण खरा धोका पुढेच होता. विंडोजने विचारलं, ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ भावाचा माऊस ‘हो’वर पोचलाच होता. मी फोनवर ओरडले, ‘हात काढ!’ जुन्या डिस्कवर हा प्रश्न आला तर उत्तर एकच, नाही. ‘इनिशियलाइझ’लाही नाही. फाइलींची अनुक्रमणिका बिघडलेली असते, फाइली बहुधा जागेवरच असतात. आधी अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी कॉपी दुसऱ्या डिस्कवर घ्यायची आणि शोधाशोध त्या कॉपीवर करायची. भावाने तेच केलं. रात्रभर कॉपी चालली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामांच्या नोंदी मिळाल्या आणि आजीही बोलली.

एक टीप कात्रण करून ठेवाच. सुट्या केबलींचा पॉवर सप्लाय असेल तर दुसऱ्या सप्लायची केबल त्याला लावू नका. टोक चपखल बसतं, पण आतल्या तारांची मांडणी वेगळी असू शकते. मग डिस्क खरोखरच उडते.

आणि हो, आजीचा आवाज एकाच डिस्कवर ठेवू नका. एक प्रत घरात, एक दुसऱ्या गावात. सायखेड्याची दुसरी प्रत सध्या माझ्या कपाटात आहे. तुमची कुठे आहे?