पारपत्र कलावंताच्याच हाती

वारली चित्रकलेचा परदेशाशी असलेला संबंध आता पुरेसा जुना झाला आहे. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड दालनात ज्यांच्या चित्रांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले, ते डहाणू तालुक्यातील कळंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे १९८९ साली पॅरिसच्या ‘मॅजिसियाँ द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात जगभरच्या कलावंतांच्या पंक्तीला बसले. २००३ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या कामाशेजारी त्यांचे काम मांडले गेले. आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली तोवर वारली चित्रकाराने समुद्रापलीकडे जाणे ही नवलाईची बाब उरली नव्हती. जी वाट एका थोर कलावंताने आपल्या प्रज्ञेच्या बळावर पाडली, तिच्यावरून आता जव्हार-मोखाड्यातील तरुण चित्रकार, तारपावादक आणि बोहाड्याची सोंगे घडविणारे कारागीरही जाऊ पाहत आहेत. जामसरसारख्या गावातील एखाद्या कलावंतास उद्या टोकियोहून वा बर्लिनहून बोलावणे आले, तर त्याच्या चित्रातील रेषेची काळजी आम्हांला वाटत नाही, ती रेषा त्याच्या हाती सुरक्षित आहे. काळजी वाटते ती त्याच्या खिशातील कागदांची, पैशांची आणि दूरध्वनीची. म्हणून हे संपादकीय कलावंतांना आणि त्यांना परदेशी नेणाऱ्या संयोजकांना उद्देशून, केवळ व्यवहाराच्या गोष्टींसाठी आम्ही खर्ची घालीत आहोत.

या विषयाचा विचार करताना एक नाव टाळता येत नाही. मध्य प्रदेशातील पाटणगढचे परधान-गोंड चित्रकार जनगढसिंग श्याम यांना जगदीश स्वामीनाथन यांनी भोपाळच्या भारत भवनात आणले. १९८९ च्या पॅरिसच्या त्याच प्रदर्शनात मशे यांच्या चित्रांबरोबर त्यांचीही चित्रे होती. जपानच्या निईगाता प्रांतात तोकामाची येथे असलेल्या मिथिला संग्रहालयात चित्रे काढण्यासाठी म्हणून ते राहिले असताना, २००१ च्या जुलै महिन्यात, त्यांनी आपले जीवन संपविले. त्यांचा मुक्काम लांबला होता, त्यांना घरची ओढ लागली होती, पारपत्र त्यांच्याजवळ नव्हते, असे त्या वेळी आपल्या देशातील कलाक्षेत्रात बोलले गेले. त्यातील तथ्यातथ्याचा निवाडा करण्याचा अधिकार आमचा नाही, आणि एखाद्या मनुष्याच्या अशा अंताला एकच एक कारण चिकटविणे हेही न्यायाचे नाही. परंतु ज्याची भाषा तेथे कोणास कळत नाही, ज्याला एकट्याने रेल्वेचे तिकीट काढता येत नाही आणि ज्याच्या परतीचा दिवस दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, अशा कलावंतास कितीही सन्मानाने वागविले तरी तो पराधीनच असतो, इतके त्या घटनेवरून आपण सर्वांनी ओळखावयास हवे होते. ते आपण पुरेसे ओळखले आहे, असे आम्हांला वाटत नाही.

पारपत्राविषयी कायदा अगदी स्पष्ट आहे. १९६७ च्या पारपत्र अधिनियमाच्या १७ व्या कलमान्वये पारपत्र ही सदैव केंद्र सरकारची मालमत्ता असते. ते ज्याच्या नावे दिले त्याने ते बाळगावयाचे. व्हिसाच्या अर्जासाठी संयोजकाने ते घेतले तर पोच द्यावी आणि काम होताच परत करावे. मुक्कामाच्या ठिकाणी नोंदीपुरते दाखवावे आणि लगेच परत घ्यावे. ‘हरवेल म्हणून आम्ही सांभाळतो’ हे वाक्य कितीही प्रेमाने उच्चारले गेले तरी त्यास नम्रपणे नकार द्यावा. जव्हार-मोखाड्यातील माणसास याचे मर्म समजावून सांगण्याची गरज पडू नये. दिवाळीनंतर अंगावर उचल घेऊन भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जी कुटुंबे जातात, त्यांना हिशेबाची वही मालकाकडे असणे म्हणजे काय असते, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. परतीचे तिकीटही तसेच कलावंताच्या नावे, निश्चित तारखेचे, आणि त्याच्याच जवळ छापील स्वरूपात असावे. मुक्काम वाढवावयाचा असेल तर त्याची लेखी संमती घ्यावी, आणि ती देण्यापूर्वी त्याला घरच्यांशी बोलू द्यावे.

निघण्यापूर्वीच्या कागदपत्रांत सर्वांत अधिक घोटाळा नावांचा होतो. आधार कार्डावर एक वर्णाक्षरी, शिधापत्रिकेवर दुसरी, बँकेच्या पासबुकात तिसरी. स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे आडनाव एकीकडे आणि सासरचे दुसरीकडे. पारपत्रावर जे नाव छापले तेच, अक्षरन्‌अक्षर, व्हिसा, तिकीट व विमापत्रावर असले पाहिजे. पारपत्राची मुदत प्रवासानंतरही किमान सहा महिने उरलेली असावी. जे दहावी उत्तीर्ण नाहीत त्यांच्या पारपत्रावर उत्प्रवासतपासणी आवश्यक असल्याचा शेरा येतो. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण तो शेरा आखाती देशांसह ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांपुरता लागू असतो. मात्र अशा देशात मानधनावर काम करण्यासाठी नोकरीचा व्हिसा काढला जात असेल, तर संयोजकाने आधीच खातरजमा करावी. तसेच पर्यटनाच्या व्हिसावर जाऊन चित्रे विकणे वा कार्यक्रमाचे मानधन घेणे कित्येक देशांत बेकायदा ठरते, आणि त्याचा दंड आयोजकास नव्हे, विमानतळावर उभ्या असलेल्या कलावंतास भोगावा लागतो.

आता पैशांचे. सांप्रतच्या नियमांनुसार बहुतेक देशांना जाताना प्रत्येक वेळी ३,००० अमेरिकी डॉलरपर्यंतच्या मूल्याच्या परकीय नोटा नेता येतात, उर्वरित रक्कम कार्डावर न्यावी लागते. भारतीय नोटा २५,००० रुपयांपर्यंत जवळ बाळगता येतात. आपल्या कलावंताचा प्रश्न या मर्यादांचा नसतो, कारण तेवढी रक्कम त्याच्याजवळ क्वचितच असते. त्याचा प्रश्न असा की, जनधन खात्याबरोबर मिळालेले रूपे कार्ड तो विश्वासाने खिशात घालून निघतो, आणि ते साधे, देशांतर्गत कार्ड परदेशातील यंत्र नाकारते. आंतरराष्ट्रीय रूपे, व्हिसा वा मास्टरकार्ड यांपैकी एखादे कार्ड शाखेत अर्ज करून आधी मिळवावे. आणि तेवढ्यानेही भागत नाही, कारण ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डावरील परदेशी वापर मुळात बंद ठेवलेला असतो व खातेदाराने सांगितल्यावरच तो सुरू होतो. हे सांगण्याचे काम जव्हारच्या शाखेत बसून पाच मिनिटांत होते. ओसाकाच्या रस्त्यावर उभे राहून होत नाही. येन वा युरो आधीच भरून ठेवता येणारे प्रवासी चलन कार्ड हा त्याहून सोपा मार्ग, आणि ज्यांना यंत्राची सवय नाही त्यांच्यासाठी तोच आम्ही श्रेयस्कर मानतो. दुकानातील यंत्राने ‘रुपयांत की स्थानिक चलनात’ असा पर्याय विचारला तर न चुकता स्थानिक चलन निवडावे. रुपया पाहून मन सुखावते, पण तो दर दुकानदाराच्या बँकेने लावलेला व बहुधा महाग असतो. मोबाइलवरून पैसे देण्याची यूपीआयची सोय २०२४ च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यापर्यंत पोहोचली, सिंगापूर, भूतान, नेपाळ, मॉरिशस येथेही ती काही ठिकाणी चालते; पण जपानात वा जर्मनीत तिच्यावर विसंबून कोणी घराबाहेर पडू नये. जपानात रोकड अजून मान्य आहे आणि चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानांतील यंत्रांतून परदेशी कार्डावर येन निघतात, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ.

याहून महत्त्वाचा मुद्दा मानधनाचा. रोजचा भत्ता पथकप्रमुखाकडे एकरकमी देण्याची जी पद्धत पडली आहे ती आम्हांला सर्वथा गैर वाटते. भत्ता प्रत्येकाच्या हाती, पहिल्याच दिवशी, त्या देशाच्या चलनात पडला पाहिजे. नवऱ्याबरोबर गेलेल्या चित्रकार स्त्रीचा भत्ता तिच्या हाती. चित्र विकले गेले तर किंमत किती, दालनाचा वाटा किती, कोणत्या दिवसाच्या दराने रुपये होणार आणि ते कोणाच्या खात्यात कधी जमा होणार, याचा लेखी करार निघण्यापूर्वी व्हावा. परदेशातून रक्कम थेट खात्यात यावयाची असेल तर परदेशी व्यवहार हाताळणाऱ्या बँकेत खाते असणे सोयीचे. लहान सहकारी बँकांत ती रक्कम अडकून पडण्याचा संभव असतो. परतताना जवळ ५,००० डॉलरहून अधिक मूल्याच्या परकीय नोटा असतील, किंवा सर्व मिळून १०,००० डॉलरहून अधिक परकीय चलन असेल, तर सीमाशुल्क अधिकाऱ्यांपुढे तसे प्रतिज्ञापन करावे लागते. आणि उरलेले चलन, २,००० डॉलरपर्यंतची रक्कम वगळून, १८० दिवसांच्या आत बँकेत परत करावयाचे असते.

आपल्या कलेच्या साहित्याविषयी तर कोणतीही प्रवासपुस्तिका काहीच सांगत नाही. कापडावर शेणाचा हात फिरवून त्यावर गेरू चढवावयाचा, तांदळाच्या पिठाने चित्र लिहावयाचे, ही आपली रीत. पण माती, शेण, धान्य आणि वनस्पतींचे अवशेष यांबाबत परदेशांतील जैवसुरक्षेचे नियम अत्यंत कडक आहेत. जपानात माती आणण्यास मनाई आहे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये तर एखादी वस्तू न सांगता आणली, तर वस्तू जप्त होऊन वर जबर दंड बसतो. तारपा हा दुध्या भोपळा, बांबू, ताडाचे पान आणि मेण यांचा बनलेला. त्याच्या भोपळ्यात एखादी बी राहिली तरी अधिकारी तो अडवून ठेवतात. म्हणून वाद्य नीट वाळवून, आतून साफ करून, प्रवासाच्या पत्रकात त्याचा उल्लेख करून, हातातच न्यावे. पांढरा व तांबडा रंग तेथेच विकत घ्यावा, किंवा कापडे येथेच, शेणाचा वापर न करता, तयार करून न्यावीत. लाकडी सोंगे कीड नसलेली, रंगविलेली असावीत. प्रदर्शनासाठी न्यावयाच्या व परत आणावयाच्या वस्तूंवर दोन्हीकडे शुल्क पडू नये म्हणून एटीए कार्ने नावाचा दस्तऐवज असतो; आपल्या देशात तो फिक्की या संस्थेकडून मिळतो, आणि हा खटाटोप करणे हे संयोजकाचे काम आहे. २०१४ साली वारली चित्रांना भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. त्याच्या दाखल्याची प्रत सोबत असावी, म्हणजे यंत्रावर छापलेली नक्कल आणि हाताने लिहिलेले चित्र यांतील भेद ग्राहकास दाखविता येतो.

संपर्काच्या सोयीत आधी आपल्या गावाकडची बाजू पाहावी. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखात कित्येक पाड्यांवर रेंज मिळण्यासाठी माळावर चढावे लागते, पावसाळ्यात वीज गेली की तेही साधत नाही; त्यामुळे ‘पोहोचलो की फोन करीन’ एवढ्याने भागणार नाही. वार आणि वेळ ठरवून जावे. जामसरला संध्याकाळचे ६ वाजतात तेव्हा जपानात रात्रीचे साडेनऊ झालेले असतात आणि पॅरिसला उन्हाळ्यात दुपारचे अडीच, हिवाळ्यात दीड. ठरल्या वेळी घरचे मनुष्य माळावर येऊन थांबले, तर बोलणे होते. आपले भारतीय सिम कदापि काढून टाकू नये, कारण बँकेचा एकवेळचा परवलीचा शब्द त्यावरच येतो; निघण्यापूर्वी त्याचे रिचार्ज परतीच्या तारखेपलीकडचे करावे, रोमिंग सुरू करावे, पण मोबाइलचा डेटा बंद ठेवावा, नाहीतर बिल मानधनाच्या बरोबरीने येते. इंटरनेटसाठी तेथील सिम वा ई-सिम घ्यावे. चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही आणि संयुक्त अरब अमिरातीत त्यावरून बोलणे होत नाही, हे जाण्यापूर्वीच घरच्यांस सांगावे, म्हणजे शांततेचा भलता अर्थ कोणी लावणार नाही.

प्रकृतीसंबंधी थोडक्यात. नेहमीची औषधे मूळ वेष्टनात आणि जामसरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. युरोपातील शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो. जेथे सक्ती नाही तेथेही तो काढावा. युरोपात संकटकाळी ११२, जपानात पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९ हे क्रमांक आहेत. ते, भारतीय वकिलातीचा पत्ता, मुक्कामाचे ठिकाण त्या देशाच्या लिपीत, आणि ‘मला मराठी समजते, कृपया या क्रमांकावर बोला’ हे वाक्य, एवढे सर्व एका जाड कागदावर लिहून पारपत्राबरोबर ठेवावे. मोबाइल बंद पडला तरी कागद वाचता येतो. पारपत्र हरवले तर वकिलात परतीपुरते आपत्कालीन प्रमाणपत्र देते, म्हणून त्याची छायाप्रत घरी व पिशवीत, दोन्हीकडे असावी. गाऱ्हाणे असेल तर परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ हे संकेतस्थळ त्यासाठीच आहे, आणि तेथे घरच्या मनुष्यालाही तक्रार नोंदविता येते.

ज्या संस्था आणि ज्या व्यक्ती जव्हार-मोखाड्यातून कलावंत परदेशी नेतात, त्यांना आमची विनंती आहे की, निघण्यापूर्वी एक करारपत्र मराठीत करावे. त्यात मुक्कामाचे दिवस, मानधन, भत्ता, विमा, परतीची तारीख आणि पारपत्र कलावंताजवळच राहील ही अट स्पष्ट असावी. ते ग्रामपंचायतीत, घरच्या माणसांसमक्ष, मोठ्याने वाचून दाखवावे आणि मगच त्यावर सही वा अंगठा घ्यावा. असा करार ज्यांनी केला असेल त्यांनी त्याचा मसुदा आमच्याकडे पाठवावा. तो आम्ही पुढील अंकात जसाच्या तसा छापू, म्हणजे इतरांना त्याची नक्कल करता येईल.