खोट्या बातम्या ओळखण्याचे शिक्षण महाविद्यालयांत देण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. सचिव, शिक्षण विभाग,
दादरा आणि नगर हवेली व दमण आणि दीव प्रशासन

विषय : पदवीच्या पहिल्या वर्षापासून माहिती साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू करणे.

महोदय,

आम्ही दुधनी व परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थी आणि पालक हे निवेदन सादर करीत आहोत.

१६ एप्रिल २०२० च्या रात्री, आपल्या हद्दीला लागून असलेल्या डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे जमावाने दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांना ठार मारले. टाळेबंदीच्या त्या दिवसांत चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवा व्हॉट्सॲपवर पसरल्या होत्या. तिघांचा जीव गेल्यावरही खोटे थांबले नाही. घटनेला धार्मिक रंग देणारे संदेश देशभर फिरले. अखेर ते खोडून काढण्यासाठी महाराष्ट्राच्या गृहमंत्र्यांना अटक केलेल्या १०१ जणांची यादी जाहीर करावी लागली. त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांचा अशाच अफवेने बळी घेतला होता. त्यानंतर संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा व्हॉट्सॲपने भारतात घातली. तरीही गडचिंचले घडले.

सीमेच्या दोन्ही बाजूंना वारली, कोकणा समाजाची वस्ती आहे, सोयरीक आहे. तिकडचा संदेश इकडे यायला वेळ लागत नाही. घरात आलेला संदेश खरा की खोटा, हे आई-वडील कॉलेजात जाणाऱ्या मुलालाच विचारतात. त्या मुलाला ते तपासायला कोणी शिकवलेले नाही, हीच आमची मूळ तक्रार आहे.

म्हणून सर्व शाखांसाठी दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सुरू करावा, ही आमची मुख्य मागणी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात मूल्यवर्धित अभ्यासक्रमांना ६ ते ८ श्रेयांक आहेत. त्यात हा विषय बसू शकतो. संलग्न विद्यापीठाशी त्यासाठी बोलणी करावीत. व्याख्या पाठ करून घेण्याने काही साधणार नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांना २०१७ मध्ये असे आढळले की दिसायला भारदस्त संकेतस्थळांनी विद्यार्थीच नव्हे, इतिहासाचे प्राध्यापकही फसले. तथ्य तपासणारे पत्रकार मात्र ते पान सोडून, त्यामागे कोण आहे हे आधी इतरत्र शोधत होते. ही सवय हाताने करून अंगी बाणते. ग्रंथपाल आणि भाषेचे शिक्षक यांनी मिळून मुलांच्याच मोबाइलवरचे संदेश वर्गात घ्यावेत, जुन्या छायाचित्रांचे मूळ शोधायला लावावे आणि गुण त्या कामाला द्यावेत. मराठी व गुजराती माध्यमातून आलेल्या मुलांना हे त्यांच्या भाषेत मिळावे.

पण ताडून पाहायला खरी माहितीही हवी. अफवा उठल्यास जिल्हा प्रशासनाचा खुलासा त्याच दिवशी, तारखेसह, मराठी, गुजराती व हिंदीत एकाच ठिकाणी मिळावा, यासाठी आपण पाठपुरावा करावा. पावसाळ्यात मधुबन धरणाच्या विसर्गाबाबत तर हे फारच गरजेचे आहे.

राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्यांनी संदेश तपासण्याचे हे ज्ञान वारली व कोकणा बोलीत पाड्यांवर न्यावे. दुधनीत वृत्तपत्रे आणि इंटरनेट असलेला वाचनकक्ष उघडावा. या निमित्ताने विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर पाळत मात्र ठेवू नये. भीती घालून विवेक येत नाही.

येत्या शैक्षणिक वर्षापासून अंमलबजावणी व्हावी आणि चर्चेसाठी आम्हांस वेळ द्यावी, ही नम्र विनंती.

आपले विनीत,
विद्यार्थी व पालक, दुधनी परिसर